चौथ्या मजल्यावरची हवा

१

उल्काचा कुकरच्या भातावर कधीच विश्वास नव्हता. भात पातेल्यातच करायचा, आधण आलं की तांदूळ वैरायचे, मग आच बारीक करून झाकण ठेवायचं, हे ती सांगलीहून शिकून आली होती. दिल्लीत इतकी वर्षं गेली, तिसऱ्या मजल्यावरच्या खुरानाबाई "भाभीजी, क्यों टाइम वेस्ट करती हो" म्हणून थकल्या, पण उल्काचं पातेलं काही सुटलं नाही. त्यामुळे जूननंतर स्वयंपाकघर विलासच्या गळ्यात पडलं, तेव्हा त्यानेही पातेलंच चढवलं. घरातली एवढी एक गोष्ट तरी पूर्वीसारखी राहावी असं त्याला वाटलं.

पण भात शिजेना. आधण झटकन यायचं, पाणी खळखळ उकळायचं, आटून जायचं, आणि दाणा दाबून पाहिला तर आत कणी. त्याने आणखी पाणी घातलं. तांदूळ बदलले. करोल बागेत राहणाऱ्या थोरल्या बहिणीकरवी जुना बासमती मागवला. कणी राहिली ती राहिलीच. डाळीचं तर विचारूच नका.

एके दिवशी सकाळी चहा उतू जाईपर्यंत उकळला. विलासने तो गाळला आणि बस चुकेल म्हणून तसाच तोंडाला लावला. जीभ पोळली नाही. गॅसवरून उतरवलेला चहा सुखासुखी पिता येत होता. गॅसचा दाब कमी असेल असं म्हणून तो ऑफिसला गेला.

विलास सबनीस एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होता. ऑफिसातल्या मंडळींनी मिळून मयूर विहारमध्ये सोसायटी काढली, तेव्हा लोदी कॉलनीचं सरकारी क्वार्टर सोडून तो इथे आला. चार मजली इमारत, लिफ्ट नाही, त्याचा फ्लॅट सगळ्यात वर. रविवारी भाजी घेऊन परत आलं की दहा वर्षांचा मानस पहिल्याच पायरीवर बसकण मारायचा. "बाबा, पाय संपले." मग विलासने वाकायचं, त्याला पाठुंगळी घ्यायचं आणि "साखरेचं पोतं घ्या, साखरेचं पोतं!" अशी आरोळी देत वर चढायचं. तिसऱ्या मजल्यावर खुरानाबाई दार उघडून विचारायच्या, "क्या भाव दिया, भाईसाहब?" आणि पाठीवरचं पोतं खिदळायचं.

मानस जूनमध्ये गेला. ज्या घरातलं पोर गेलं, तिथे भातात कणी आहे की नाही याची चौकशी कोण करणार? उल्का दोन घास गिळायची, ताट सरकवायची आणि मानसच्या खोलीत जाऊन बसायची.

२

त्या वर्षी सगळेच गाड्या घेत होते. ज्यांनी जन्मभर बसचे पास काढले त्यांच्या दारात पांढऱ्या मारुती उभ्या राहिल्या. विलासनेही कर्ज काढून घेतली. लेहच्या पलीकडे एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे हिमबिबट्या राहतो, हे मानसने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. चित्र कापून त्याने कपाटावर चिकटवलं होतं. रजा मंजूर झाली. ऑफिसात विलासने चारचौघांना सांगून टाकलं, "यंदा आपल्या गाडीने लडाख." साधनाताई, त्याची थोरली बहीण, करोल बागेतून फोनवर म्हणाली, "अरे, तू यमुनेपलीकडे, जमनापार राहायला गेलास तेच मला परदेशी वाटतं, आता आणखी कुठे निघालास?"

मनालीपर्यंत मजाच होती. पुढे चढ लागला आणि मानस मलूल झाला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "आई, माझं सर दुखतंय."

"सर काय रे? डोकं म्हण," उल्का म्हणाली. दिल्लीच्या मुलांची मराठी बिघडते याचा तिला फार राग.

मग तो ओकला. त्याला लहानपणापासून गाडी लागायची, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, अन्न नको वाटतंय, म्हणजे आपल्याकडे एकच निदान. पित्त. उल्काने घरून आणलेला मोरावळा काढला, एक आवळा बळेच भरवला, कपाळाला बाम चोळला. संध्याकाळी रस्त्याच्या कडेला तंबू होते तिथे मुक्काम केला. मानसचे पाय गार पडले होते म्हणून विलासने स्वतःचे करडे लोकरीचे मोजे त्याच्या पायांत चढवले. मोठे होत होते, पुढे बोटांपाशी रिकामे लोंबत होते.

ऊन अजून डोंगरावर होतं. मानस म्हणाला, "बाबा, खाली चला ना."

"सकाळी बघू. आता झोप. झोपलं की बरं वाटतं."

आणि मानस झोपला. त्याचा श्वास भरभर चालायचा, मग थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. विलासला वाटलं, दमलाय, गाढ झोप लागली. सकाळी उठवायला गेले तेव्हा तो उठला नाही.

खालच्या चौकीतला लष्करी डॉक्टर तरुण होता. त्याने रागावूनच सांगितलं, "उल्टी हुई, तभी नीचे लाना था. इसका और कोई इलाज नहीं है साहब, सिर्फ नीचे लाना." थोडंसं खाली आणलं असतं तरी पोर उठून बसलं असतं, असंही तो म्हणाला. विलासला ते वाक्य पुढे रोज ऐकू येऊ लागलं. चार्टर्ड बसमध्ये, फायलीवर सही करताना, दाढी करताना.

३

उल्का मानसच्या खोलीत बसे, पण रडत नसे. विलासला याचीच धास्ती होती. ती खाटेच्या कडेला बसायची, गुडघ्यांवर शाल. ऑगस्टच्या उकाड्यात शाल! बाहेर सगळी दिल्ली घामाने चिकचिकत होती, आणि त्या खोलीत गेलं की दंडावर काटा यायचा. विलासने खिडकीतून वाकून पाहिलं. बरोबर खाली खुरानांचा नवा ए.सी. भिंतीबाहेर आला होता. त्याचा गारवा वर येत असणार. ए.सी. मागच्या बाजूने गरम हवा फेकतो हे त्याला माहीत होतं, पण माणसाला जे कारण हवं असतं ते तो शोधून काढतोच.

उल्का अधूनमधून खाली जाऊन मानसच्या आवडीचं चिप्सचं पाकीट आणायची आणि त्याच्या टेबलावर ठेवायची. एका शनिवारी दुपारी विलास खोली झाडायला गेला आणि पाकीट पाहून थबकला. ते टम्म फुगलं होतं. कडा ताणून फाटायच्या बेताला आल्या होत्या.

असं फुगलेलं पाकीट त्याने एकदाच पाहिलं होतं. तंबूच्या शेजारच्या टपरीत दोरीला अशी पाकिटं टांगलेली होती, आणि मानसने त्या दिवशी शेवटचं हसून म्हटलं होतं, "बाबा, बघा, चिप्सना पण पित्त झालंय."

विलासने पाकीट उचललं आणि बाहेर निघाला. उंबरठा ओलांडला तसं ते हातात जरासं सैल पडलं. तो परत आत गेला. पाकीट पुन्हा फुगलं, आतून कोणी फुंकल्यासारखं. तो बाहेर आला. सैल. पुन्हा आत जायची त्याची छाती झाली नाही. उष्णतेने हवा प्रसरण पावते, असं तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. पण गार खोली होती ती आत, उकाडा होता बाहेर.

जिन्यात खुरानाबाई भेटल्या तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आपका ए.सी. कैसा चल रहा है?"

"कहाँ भाईसाहब, महीने से बंद पड़ा है. मैकेनिक आता ही नहीं."

४

साधनाताई रविवारी डबा घेऊन आली. चार जिने चढून धापा टाकत टेकली आणि आल्या आल्या विलासला फैलावर घेतलं. "किती वाळलायस रे! आणि उल्का कुठे? दिवसभर त्या खोलीत? तू तिला बसू देतोस?"

ती उल्काजवळ जाऊन बसली. दार लोटलेलं होतं. विलास बाहेर पुरणपोळ्या ताटात काढत होता. आतून ताईचा आवाज येत होता, समजुतीचा, मायेचा, आणि मध्ये मध्ये थांबणारा. बोलता बोलता तिला दम लागत होता. थोड्या वेळाने ती भिंत धरून बाहेर आली ती थेट मोरीकडे गेली आणि भडभडून ओकली.

"काही नाही रे," ती तोंड पुसत म्हणाली. चेहरा पांढराफटक. "डोकं नुसतं फुटतंय. पित्त झालंय मला."

विलासच्या हातातली पोळी ताटात पडली.

"ताई, चल खाली."

"अरे जरा पडते, झोपले की बरं—"

"झोपायचं नाही!" तो ओरडला. थोरल्या बहिणीवर तो जन्मात असा ओरडला नव्हता. त्याने तिचा दंड धरला, तिला जवळजवळ ओढतच चार जिने उतरवलं आणि फाटकापाशी वॉचमनच्या खुर्चीवर बसवलं.

पाच मिनिटं गेली नसतील, ताईच्या गालांवर रंग आला. "गंमतच आहे," ती म्हणाली. "खाली आले आणि बरं वाटलं बघ. वर हवाच नाही का रे तुमच्या?" मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिची गंमत ओसरली. "विलास, उल्काला माझ्याकडे पाठव. आजच. तिचे ओठ पाहिलेस का तू?"

५

पाहिले होते. ओठ निळसर, नखंही. रात्रंदिवस बारीक कोरडा खोकला. डॉक्टर म्हणाले होते, धक्का बसलाय, अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या. विलासनेही तेच मानलं होतं. एकदा असंच मानलं होतं, आणि काय झालं ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

ताईला रिक्षात बसवून तो वर आला आणि मानसच्या खोलीत शिरला. खोलीत दुपारचं लख्ख ऊन होतं. कपाटावरचा हिमबिबट्या, टेबलावरचं गच्च फुगलेलं पाकीट, खाटेवर उल्का. तिने चादरीवर हात ठेवला होता, तापकरी मुलाच्या अंगावर ठेवतात तसा. चादर मात्र सपाट होती.

"उल्का, ऊठ. आपण ताईकडे जातोय."

"अहो, हळू बोला," ती कुजबुजली. "डोकं दुखतंय त्याचं."

बायकोचं डोकं फिरलं, हा विलासच्या मनात पहिला विचार आला, आणि खरं सांगायचं तर त्या विचाराने त्याला धीरच वाटला. वेडावर औषध असतं.

तेवढ्यात लाइट गेली. बाहेरच्या खोलीतला पंखा फिरत फिरत थांबला, आणि त्या शांततेत त्याला ते ऐकू आलं. भरभर चाललेला श्वास. लहान छातीचा. मग थांबला. विलास वाट पाहत राहिला. मग एक मोठा आचका, आणि श्वास पुन्हा सुरू झाला.

तो उल्काचा नव्हता. उल्का त्याच्याकडे बघत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "मला वाटलं मीच वेडी झाले."

६

"म्हणून तर निघायचं," विलास म्हणाला. त्यालाही आता दम लागत होता. "तू इथे राहिलीस तर मरशील. समजतंय का तुला?"

"समजतंय."

"मग चल!"

"आणि हा?" उल्का म्हणाली. आवाज चढवायला तिच्यात हवा उरली नव्हती. "तो म्हणाला होता ना तुम्हाला, खाली चला. मला म्हणाला सर दुखतंय, मी त्याची मराठी सुधारत बसले. अहो, आपण त्याला कधी खाली आणलंच नाही. जे आणलं तो तो नव्हता. तो अजून वरच आहे, त्याचं दुखतंय, आणि तुम्ही म्हणता त्याला ठेवून चला. मी नाही येणार. एकदा झोपू दिलं, पुन्हा नाही."

ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. तिला ओढून नेता आलं असतं, पण ती परत वर आली असती, आज नाही तर उद्या. आणि तिच्या जागी आपण असतो तर आपणही आलो असतो, हे त्याला कळून चुकलं. उपाय एकच होता, आणि तो त्या तरुण डॉक्टरने कधीच सांगून ठेवला होता.

तो खाटेजवळ गेला. पाठ वळवली. उकिडवा बसला आणि हात मागे नेले. आपण काय करतोय, हे कोणी पाहिलं तर काय म्हणेल, असा एक विचार आला आणि गेला.

"मानस," तो म्हणाला, "ये रे राजा. साखरेचं पोतं."

श्वास थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग खाट करकरली.

आधी मानेवर गारवा आला. मग वजन. विलास पुढे कोलमडता कोलमडता सावरला. मानस एवढा जड नव्हता. बर्फासारखं गार काहीतरी त्याच्या गळ्याभोवती आलं आणि आवळत गेलं, आणि त्याच क्षणी त्याला अशी भीती वाटली की हे मानस नसलं तर? दुसरंच काही त्या उंचीवरून आपल्या मागे आलं असलं तर? त्याने हात झटकले असते तर ते पडलं असतं. त्याने हात घट्ट गुंफले आणि उठला.

"उल्का, तू मागून ये," तो म्हणाला. "आहे का ते सांगत राहा."

उल्का उठली होती. दोन्ही हातांनी तोंड दाबून ती त्याच्या पाठीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्याने पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

७

जिन्यात दुपारचा शुकशुकाट होता. कुठेतरी कोणाच्या घरात इन्व्हर्टरवर टीव्ही चालू होता. विलास एकेक पायरी उतरत होता, मानेशी तो श्वास. भरभर, मग थांबलेला. थांबला की विलासही थांबायचा.

"आहे?"

"आहे."

तिसऱ्या मजल्यावर खुरानांच्या दारावर पितळेची पाटी होती, बाई रोज घासून लख्ख ठेवायच्या. विलासने बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण वळताना नजर गेलीच. पाटीत तो होता, वाकलेला, वेडावाकडा. आणि त्याच्या कोपराशी एक करडा लोकरीचा मोजा, पुढे बोटांपाशी रिकामा लोंबणारा.

पावलांच्या आवाजाने दार उघडलं. खुरानाबाईंनी डोकं बाहेर काढलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि ओठांवर हसू येऊन त्या म्हणाल्या, "क्या भाव दिया, भाईसा—"

पुढचा शब्द आला नाही. चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे राहिलं, डोळे मात्र बदलले. त्यांनी दार हळूहळू लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"आहे?" विलासने विचारलं.

"आहे हो. चला तुम्ही."

दुसऱ्या मजल्यावर उल्काचा खोकला थांबला. विलासच्या ते आधी लक्षात आलं नाही, कारण तो मानेवरचा श्वास मोजत होता. तो आता थांबत नव्हता. एकामागून एक, संथ, झोपलेल्या मुलाचा असतो तसा. गळ्याभोवतीचा गारठा कमी झाला होता. जे होतं ते उबदार होतं, थोडं घामट, आणि त्याला बामचा वास होता. विलासच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

मघाशी ज्याला फेकून द्यावंसं वाटलं होतं त्याला आता खाली ठेवावंसं वाटेना. पहिल्या मजल्यावर तो थांबला. खाली फाटकाकडे ऊन दिसत होतं. अजून एकच जिना. इथेच थांबलो तर? इथे श्वास चालू आहे, वजन आहे, वास आहे. इथेच जिन्यात बसून राहिलो तर कोण काय म्हणणार आहे?

उल्काने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिला कळलं असावं.

"नको," ती म्हणाली. "खाली म्हणाला होता तो."

विलास उतरला. शेवटच्या पायरीवर, जिथे मानस बसकण मारायचा तिथे, तो टेकला. त्याला काहीच ऐकू आलं नाही. मानेवर एक गाल टेकला आणि उचलला गेला, एवढंच. ऐकू आली ती उल्का. ती मागच्या पायरीवर वाकून कोणाला तरी उत्तर देत होती, अगदी नेहमीच्या आवाजात.

"नाही ना दुखत आता सर? मग झालं."

विलासची पाठ हलकी झाली. गुंफलेले हात त्याने लगेच सोडले नाहीत. दोघं त्या पायरीवर बसून रडली, जूनपासून पहिल्यांदाच, आणि येणारेजाणारे त्यांना वळसा घालून गेले.

मग वर जावंच लागलं, कारण दार उघडं होतं आणि भात करायचा राहिला होता. खोलीत उकाडा होता. टेबलावरचं पाकीट चपटं पडलं होतं. विलासने गॅस लावला, आधण आलं तसे तांदूळ वैरले, आच बारीक केली, झाकण ठेवलं.

दोघं जेवायला बसली. उल्काने एक शीत बोटांत धरून दाबलं. भात मऊ शिजला होता, कणी म्हणून नव्हती. तिने ते शीत बराच वेळ बोटांत धरून ठेवलं.

"गेला हो," ती म्हणाली, आणि विलासने तिच्या ताटात वरण वाढलं.